समोरची बाजू

११ जानेवारी, रविवार

आज पुन्हा ही अडकली. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला, हात कानाशी. आवाज नाही, हालचाल नाही. खारू म्हणाली, "बाबा, आई शिंकायच्या आधीच थांबलीय." मग मी, खारू आणि सासूबाई असे तिघं त्या शिंकेची वाट बघत बसलो. शिंक काही आली नाही. पडदा काळा झाला आणि कॉल तुटला. परत लावला तर उचलला नाही. थोड्या वेळाने मेसेज आला, "नेट खराब आहे. पुढच्या रविवारी बोलू."

सासूबाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. कॉलसाठी त्या खास चष्मा पुसून बसतात. माझा मोबाइल घरात रेंज पकडत नाही, आणि त्यांना एवढ्याशा पडद्यावर लेक दिसतही नाही. म्हणून हा कम्प्युटर. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघांनी जाऊन घेतलेला. माझ्या पाट्यांची कामं याच्यावरच होतात. दुकानांची नावं, दवाखान्यांच्या वेळा, 'येथे गाडी लावू नये'. अक्षरं याच्यावर आखायची आणि मग मशीनवर कापायची. आता तो सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन, कप विसळून होतो.

ही नर्स म्हणून परदेशात जाऊन दीड वर्ष झालं. मोठं इस्पितळ आहे, तीन वर्षांचा करार. इथे आम्हा दोघांच्या कमाईत जे कधीच जमलं नसतं ते तिथे जमवायचं आणि परत यायचं, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे तिने सांगितलं आणि मी मान डोलावली. खारूकडे बघायला सासूबाई आल्या. बाकी सगळं सुरळीत आहे. फक्त हा डबा दगा देतोय.

नवा घेणं परवडणार नाही. पण आहे त्यातच काही करता येईल का, ते दुरुस्तीवाल्या सर्जनला विचारतो.

१४ जानेवारी, बुधवार

सर्जनकडे जाऊन आलो. तळघरातलं दुकान, जिना उतरताना डोकं सांभाळावं लागतं. 'संगणक सर्जरी' ही त्याची पाटी मीच केलेली, तेव्हापासून मी त्याला सर्जन म्हणतो आणि तो मला पाटीवाले.

त्याने कॅबिनेट उघडलं आणि आत बघून म्हणाला, "पाटीवाले, यात तुम्ही कापूस पिकवताय का?" मग फुंकणीने धूळ उडवली. दोघंही शिंकत बसलो.

"कशाला वापरता?"

"पाट्यांसाठी. आणि रविवारी बायकोशी बोलायला."

"बायकोशी बोलायला एवढा स्पीड कशाला? तुम्हाला नुसतं ऐकायचंच असतं ना?" आणि स्वतःच्याच विनोदावर टेबल थोपटत हसला. मग मात्र त्याने नीट समजावलं. कॉल मशीनमुळे अडकतो, नेटमुळे अडकतो, नाहीतर समोरच्या बाजूने अडकतो. हे नुसतं बघून कळत नाही. एकेक कारण काढून टाकत जायचं. आधी रॅम वाढवायची. फरक नाही पडला तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची. मग वाटलं तर प्रोसेसर बदलायचा. नवा नाही, या बोर्डाला नवा चालणारच नाही. जुन्यातलाच त्यातल्या त्यात दमदार, कोणाच्या तरी मोडीत काढलेल्या मशीनमधला तो शोधून देईल. सगळं एकदम नको, महिन्याला एक. मला हे पटलं. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, तो थांबेल दोन महिने.

१८ जानेवारी, रविवार

रॅम बसवली. सर्जन स्वतः घरी आला. जुन्या पट्टीची पितळी टोकं खोडरबरने घासायची असतात म्हणे, म्हणून खारूचा खोडरबर मागितला. तिने दिला, पण तो परत हातात पडेपर्यंत त्याच्या शेजारून हलली नाही.

फरक पडला! चहा निम्माच झाला होता आणि मशीन तयार.

कॉल मात्र थोडक्यात झाला. हिने व्हिडिओ लावला नाही. खोलीतली दुसरी नर्स रात्रपाळी करून झोपली होती. खारूने शाळेतलं सगळं सांगितलं, सासूबाईंनी गुडघ्याचं सांगितलं. मी रॅमचं सांगायला घेतलं तर ही म्हणाली, "तुझा आवाज तुटतोय रे. काहीच कळत नाहीये," आणि कॉल संपला.

खारू म्हणाली, "बाबा, नव्हता तुटत. मला नीट ऐकू आलं."

ती माझ्या शेजारीच बसली होती, तिला ऐकू येणारच. माइक जुना आहे, सर्जनला विचारायला हवं.

२५ जानेवारी, रविवार

हिला आज डबल ड्यूटी. कॉल नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेच्या पाट्यांचं मोठं काम मिळालं. प्रत्येक वर्गाबाहेर एक, प्रयोगशाळा, वाचनालय, आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या दारासाठी पितळी रंगातली. अर्धे पैसे आधी मिळाले, तसाच तळघरात उतरलो. एसएसडी काड्यापेटीएवढी हलकी. एवढ्याशा वस्तूत घरातलं सगळं मावणार म्हणे.

जुन्या डिस्कवरचं नव्या डिस्कवर उतरवायला पूर्ण दुपार गेली. सर्जनने मध्ये विचारलं, "हे एक फोल्डर फार मोठं आहे. 'तिचे वर्ग' नावाचं. ठेवायचं की उडवायचं?" हिने नर्सिंगची परीक्षा देताना घरी अभ्यासाचं बोलून रेकॉर्ड करून ठेवलेलं ते. भांडी घासताना, खारूला झोपवताना ऐकायची. एक फाइल उघडली तर हिचा आवाज, "जखमेची पट्टी बदलताना रुग्णाशी बोलत राहावे, म्हणजे त्याचे लक्ष दुसरीकडे राहते." मागे खारूचं रडणं, तान्ही होती तेव्हा. मी म्हटलं, ठेवा.

८ फेब्रुवारी, रविवार

आज व्हिडिओ लागला! चित्र अधूनमधून चौकोनी होतं पण अडकत नाही. हिने केस कापलेत. खांद्यापर्यंतच. मी म्हटलं, छान दिसतंय. छान दिसतही होतं. चेहरा मात्र उतरलेला वाटला, काम फार असणार.

खारूने विचारलं, "आई, पडदा बदललास?"

"कुठला पडदा?"

"मागचा. आधी निळा होता. आता पानांचा आहे."

ही मागे वळून बघत राहिली, जणू पडदा तिलाही आत्ताच दिसला. मग म्हणाली, "हो. खोली बदलली, बाळा."

बरं झालं. त्या आधीच्या खोलीत तिघी राहायच्या. ही खोली प्रशस्त दिसते, मागे पुस्तकांचं कपाटही आहे. मी म्हटलं, एकटीला मिळाली का? तेवढ्यात सासूबाई मध्येच मोठ्याने म्हणाल्या, "पोरीला डोक्याला तेल लावायचंय, आता ठेवा." खारूच्या डोक्याला सकाळीच तेल लावलं होतं. वयामुळे विसरतात.

मग ही एकदम म्हणाली, खारूची परीक्षा संपल्यावर येणार होते ना, ती रजा रद्द झाली. माणसं कमी आहेत. खारूने "बरं" म्हटलं आणि आतल्या खोलीत गेली. नंतर बघतो तर आईला दाखवायला जमवलेल्या वस्तूंचा खोका तिने पलंगाखाली अगदी भिंतीपर्यंत सरकवून ठेवला होता.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाई हल्ली संध्याकाळी मोबाइल घेऊन गच्चीवर जातात. तिथे रेंज येते. आज त्या खाली आल्या तेव्हा डोळे लाल. म्हटलं, काय झालं? म्हणाल्या, कांदा चिरला. कांदा गच्चीवर कोण चिरतं, असं विचारणार होतो, पण लेक दूर असली की आईला भरून येणारच. नाही विचारलं.

जेवताना म्हणाल्या, "जावईबापू, त्या डब्यात आता आणखी पैसे घालू नका."

"आई, थोडंच राहिलंय. प्रोसेसर बदलला की काम फत्ते."

"तुमचा चष्मा करा आधी."

"होईल हो."

मी नको म्हणत असताना त्यांनी आणखी भात वाढला.

१५ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. बोलणं संपताना ही म्हणाली, "पुढच्या रविवारी तू एकटाच बसशील का? थोडं बोलायचंय तुझ्याशी. आई आणि खारू नकोत."

किती महिन्यांनी! आम्ही दोघंच असे बोललोच नाही. कायम ही फौज मध्ये. मला कान गरम झाल्यासारखे वाटले, सोळा वर्षांच्या पोरासारखे. म्हटलं, "बसतो की! का नाही बसणार?"

संध्याकाळी सर्जनकडे धावलो. प्रोसेसर मिळालाय, पण त्याला दोन-चार दिवस लागतील. मशीन तिकडे ठेवावं लागेल. आणि एक जुना पण चांगला कॅमेराही आहे त्याच्याकडे, काच मोठी. घेऊनच टाकला. असं बोलणं चौकोनी तुकड्यांत कशाला करायचं?

२१ फेब्रुवारी, शनिवार

मशीन अजून सर्जनकडेच. प्रोसेसर बसला पण गरम होतोय, पंखा बदलावा लागेल. मी गच्चीवर जाऊन हिला फोन लावला. म्हटलं, "उद्याचं एक आठवडा पुढे ढकलू या का? मशीन तयार नाही."

"अरे, फोनवर बोललो तरी चालेल. आत्ताही बोलता येईल."

"नाही गं. एवढ्या दिवसांनी बोलणार, समोरासमोर बघून बोलू. बघच तू, आता कसं स्वच्छ दिसेल ते."

मला वाटलं फोन कट झाला. "हॅलो, हॅलो" केलं.

"आहे मी," म्हणाली. "बरं. पुढच्या रविवारी."

तिलाही तसंच वाटत असणार, समोर बघून बोलावंसं.

१ मार्च, रविवार

मशीन काल आलं. नेटची वायर थेट जोडली, मध्ये काही नाही. कॅमेरा लावून बघितला, माझ्या नाकावरचा फोडसुद्धा दिसतो. सर्जन म्हणाला, "पाटीवाले, आता आपल्या बाजूने काही म्हणजे काही राहिलं नाही."

सासूबाई आणि खारू बागेत गेल्या. निघताना सासूबाई दारात थांबल्या, माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. असं त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं. दाढी केली आहे. निळा शर्ट. आता लावतो.

५ मार्च, गुरुवार

लिहू की नको, असं चार दिवस चाललंय. लिहितो. नाहीतर डोक्यात तेच तेच फिरत राहतं.

कॉल लागला. चित्र इतकं स्वच्छ की मी घाबरलोच. ही समोर बसलेली, हात टेबलावर, मागे तो पानांचा पडदा. मी म्हटलं, "दिसतेस बघ! अगदी समोर बसल्यासारखी." ती काही बोलली नाही. डोळे उघडे, चेहरा स्थिर. मी वाट बघितली. म्हटलं, "अडकली परत." खरंच तोंडातून मोठ्याने निघालं. एवढं सगळं करून परत अडकली म्हणून मी खाली वाकून वायर काढायला गेलो.

तेवढ्यात मागचा पडदा हलला. वाऱ्याने. खिडकी उघडी असणार.

मी वायर हातात धरून तसाच राहिलो. तिच्या गालावरून पाणी खाली आलं आणि हनुवटीवरून टेबलावर पडलं, तेही दिसलं.

"मी अडकले नाहीये रे," ती म्हणाली. "मला सुरुवात करता येत नाहीये."

मग तिने सांगितलं. ती परत येणार नाही. करार संपल्यावरही नाही. तिथे एक जण आहे. इस्पितळात रुग्णांना पुन्हा चालायला शिकवतो. त्याच्याच घरी ती राहते. जुन्या खोलीतून जानेवारीतच तिकडे गेली.

मी काय बोललो? मी म्हटलं, "आवाज नीट येतोय ना माझा?"

"येतोय."

"आधी तुटायचा."

"नव्हता तुटत," ती म्हणाली. "कधीच तुटत नव्हता. मला ऐकवत नव्हता तुझा आवाज, म्हणून म्हणायचे. तू रॅम आणि काय काय सांगायचास. माझ्यासाठी. मी काय उत्तर देणार होते?"

मी विचारलं, माझं काय चुकलं. म्हणाली, काही नाही. हेच वाईट. काही चुकलं असतं तर भांडता तरी आलं असतं. म्हणाली, "इथे पहिल्या वर्षी मी रोज रडायचे. तुला सांगायला घेतलं की तू म्हणायचास, होईल गं सगळं ठीक. तुझ्याकडे सगळं ठीकच व्हायचं असायचं. मग मी सांगणं सोडलं." आणि मग, "त्याने विचारलं, का रडतेस. एवढंच. एवढंच विचारलं होतं त्याने."

मला राग यायला हवा होता. तो नंतर आला. त्या वेळी मी फक्त तिचे नवे केस बघत होतो. कोणी कापले असतील, हा एकच विचार. इतकं स्वच्छ दिसत होतं की कपाळावरचा एक पांढरा केससुद्धा दिसला. तो तिच्या लक्षात आला नसेल. मी सांगितलं नाही.

खारूचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तिला मी तुझ्यापासून तोडणार नाही. ती तिथेच राहू दे. सुट्टीत पाठव. आणि रविवारी बोलू दे माझ्याशी. एवढं कर." मी उठून स्विच बंद केला. थेट भिंतीवरचा.

७ मार्च, शनिवार

'प्रयोगशाळा' मधला 'ळ' उलटा कापला. पूर्ण पत्रा फुकट. खारूला अजून सांगितलं नाही. रविवारचा कॉल होणार नाही, नेट बंद आहे, असं सांगितलं. माझं हे खोटं तिला लगेच पटलं.

१० मार्च, मंगळवार

सकाळी बघतो तर सासूबाई पिशवी भरत होत्या. दोन लुगडी, औषधं, चष्म्याची डबी. म्हणाल्या, भावाकडे जाते. तिथे एक खोली रिकामी आहे.

"का?"

"आता मी इथे कोणत्या नात्याने राहू?"

मी पलंगावर बसलो. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "तुम्हाला माहीत होतं?"

त्या घडी घालत होत्या, त्यांचे हात थांबले. "होतं."

"कधीपासून?"

"तुम्ही ते रॅम की काय ते आणलंत, त्याच्या आधीपासून."

मी उठलो आणि खिडकीशी गेलो. मग ओरडलो. त्या बाईवर मी आजवर आवाज चढवला नव्हता. म्हटलं, मी इथे वेड्यासारखा धूळ फुंकत होतो, पट्ट्या घासत होतो, चष्मा न करता भाग आणत होतो, आणि तुम्ही चष्मा पुसून शेजारी बसून बघत होतात? मला सांगावंसं वाटलं नाही?

त्या म्हणाल्या, "रोज गच्चीवर जाऊन तिला सांगत होते, ये परत, अजून वेळ गेली नाही. पोरीची शपथ घातली. हातापाया पडले फोनवर. मला वाटलं, ऐकेल. ऐकलं तर तुम्हाला कळायलाच नको. म्हणून नाही बोलले." मग खाली बसल्या, गुडघा धरून. "माझीच लेक आहे. तिला वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. आणि तुमच्या तोंडाकडे बघवत नाही. सांगा, मी कुठे बसू?"

मी बाहेर निघून गेलो, गावभर फिरलो. स्वतः केलेल्या पाट्या दिसत राहिल्या. दवाखाना, केशकर्तनालय, सायकल भाड्याने मिळेल. परत आलो तर खारू शाळेतून आलेली. आजीच्या पिशवीतून एकेक वस्तू काढून ती परत फळीवर लावत होती, आणि आजी नुसती बघत होती. मी पिशवी झटकली आणि खिळ्याला अडकवली.

१६ मार्च, सोमवार

सर्जन रस्त्यात भेटला. स्कूटर थांबवून म्हणाला, "काय पाटीवाले, झालं का बोलणं वहिनींशी? अडकलं नाही ना कुठे?"

"नाही," म्हटलं. "अजिबात अडकलं नाही."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" तो इतका खूश झाला की मलाही हसावं लागलं. घरी येऊन न्हाणीघराचं दार लावून घेतलं.

२२ मार्च, रविवार

खारूला आज सांगितलं. किती दिवस लपवणार. सासूबाई म्हणाल्या मी सांगते, पण म्हटलं नको, हे माझंच काम.

ती गणित सोडवत होती. मी शेजारी बसून म्हटलं, "आई आता तिकडेच राहणार आहे."

"करार वाढला?"

हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. "नाही गं. करार संपला तरी ती तिथेच राहणार. तिला तिथे राहायचंय. दुसऱ्या एका माणसाबरोबर. तुझी आई तीच राहणार, ते बदलत नाही. पण या घरात ती येणार नाही."

तिने पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली. म्हणाली, "पण आता तर कम्प्युटर नीट झालाय ना?"

मी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही, ताठ बसून राहिली, लाकडासारखी. मग म्हणाली, "मला तिच्याशी बोलायचंच नाही. कधीच." मला, खरं लिहितो, बरं वाटलं. कोणीतरी माझ्या बाजूचं आहे, असं. आणि तसं वाटल्याची तेव्हाच लाजही वाटली, कारण ती नऊ वर्षांची आहे आणि तिला बाजू नको आहे, आई हवी आहे.

२९ मार्च, रविवार

कॉल वाजत राहिला. खारू आतल्या खोलीत कानावर उशी धरून. मी बाहेर. सासूबाई देवापुढे बसलेल्या. वाजायचा थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. नंतर तिचा मेसेज, "तिला जबरदस्ती नको करूस. पण मी दर रविवारी लावेन."

दिवसभर चिडलो होतो. संध्याकाळी पाटीवर रंग भरताना लक्षात आलं की ती समोर रिकाम्या पडद्याकडे बघत बसली असेल. ते कसं असतं, ते मला चांगलं माहीत आहे.

२ एप्रिल, गुरुवार

खारूला शाळेतून आणताना म्हटलं, "रविवारी बोल तिच्याशी. रागवायचं असेल तर रागव. पण तिच्या तोंडावर रागव."

"तुला चालेल?"

"मला चालेल."

"तू रडशील."

"रडलो तर रडलो. माझा मी बघेन."

ती थोडा वेळ रस्त्यावरचा दगड पायाने उडवत चालली. "तिथे थंडी असते ना, बाबा? तिला आता स्वेटर कोण शोधून देतं? तिला कधीच सापडायचा नाही."

"विचार तिला," म्हटलं.

५ एप्रिल, रविवार

वेळेच्या आधीच मशीन सुरू केलं. आता काही वाट बघावी लागत नाही, बटण दाबलं की उभं. कॅमेरा माझ्या उंचीला लावलेला होता, तो स्क्रू सैल करून खाली घेतला, खारूच्या चेहऱ्यासमोर. खुर्चीवर उशी ठेवली. ती येऊन बसली, हाताची घडी, ओठ घट्ट.

कॉल वाजला. "मी आहे आत," म्हटलं आणि निघालो.

स्वयंपाकघरात सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. आम्ही दोघंही भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिलो. आधी फक्त तिचा आवाज. "खारू... खारूताई..." इकडून काही नाही. मग खारू एकदम सुरू झाली. तू खोटं बोललीस. तू पडद्याचं खोटं बोललीस. रजेचं खोटं बोललीस. मी खोका भरून ठेवला होता. तिचा आवाज चिरकत होता, आणि तिकडून फक्त, "हो. हो बाळा. हो." पुन्हा पुन्हा तेवढंच. मग दोघींचं रडणं आलं. इतकं स्पष्ट, की कोणतं इथलं आणि कोणतं तिथलं, ते भिंतीआडून ओळखता येईना. मी दाराकडे वळलो, तर सासूबाईंनी माझा दंड धरला. राहू द्या, असं नुसतं मानेने.

बऱ्याच वेळाने पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज. खोका. "हे बघ," खारू म्हणत होती, नाक ओढत, "हे दगड नदीतले, आणि हे मी केलेलं, आणि हा दात. पडलेला. घाबरू नकोस, धुतलाय." आणि तिकडून रडता रडता आलेलं हसू. ते हसू मी कुठेही ओळखेन.

मग खारूने हाक मारली, "बाबा! आई विचारतेय, तू येतोस का बोलायला?"

तिथून चार पावलांवर ती होती, समोर बसल्यासारखी, काही न अडकता.

"हात ओले आहेत माझे," मी ओरडून म्हटलं. "तुम्ही बोला."

हात कोरडे होते. भांडी कधीच घासून झाली होती. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग नळ सोडला आणि फळीवरचं एक धुतलेलं ताट काढून माझ्या हातात दिलं.